जुळत नसलेला पगार

पगाराच्या सर्वेक्षणात आम्ही काही जणांना तेच प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो. उत्तरं जुळली तर आकडे भरवशाचे, नाही जुळली तर पुन्हा फेरी. फरीदाबादच्या त्या कामगाराला मी हे दारातच समजावलं. खोलीत तो एकटाच. त्याने गमछ्याने खुर्ची पुसली, पंखा माझ्याकडे वळवला, न विचारता चहा टाकला. पगार मात्र भलताच सांगितला.

"पिछली बार तो कम बताया था!" मी वैतागले.

तो कप विसळत राहिला. "जवाब मेल नहीं खाए, तो फिर कोई आएगा ना, मैडम?"

खरा पगार मी विचारलाच नाही. 'पुन्हा भेट आवश्यक' असा शेरा मारला आणि चहा सावकाश प्यायले. घरी माझीही कोणी वाट बघत नव्हतं.