चुन्याची मैदानरेघ

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती चुन्याच्या वासाने. घरी रंगकाम निघालं की बायको मला बाहेर फिरायला पाठवते, त्याचं कारण हेच.

मी तेव्हा रत्नागिरी शहरात पोलीस निरीक्षक होतो. निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं. गावातला जुना फुटबॉल क्लब तीन वर्षं परक्या मैदानांवर खेळून आपल्या घरच्या मैदानावर परतणार होता. जुनं जांभ्या चिऱ्यांचं, पायऱ्यांचं मैदान पाडून तिथे नवं स्टेडियम उभं राहिलं होतं. गावभर पताका लागल्या होत्या. आम्हाला बंदोबस्ताची यादी करायची होती, एवढंच आमचं काम. तोवर क्लबचे सचिव ठाण्यात आले.

सचिव एरवी मोठ्या आवाजाचा माणूस. त्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसून हळू बोलत होते. "साहेब, रोज सकाळी मैदानावर रेघा उमटतात. आम्ही मारलेल्या नव्हेत. पाण्याने धुतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा असतात. आणि रोज थोड्या पुढे सरकलेल्या असतात."

मला हसू आलं. कुणीतरी पोरकटपणा करतंय, असं मी म्हणालो. तरी माझ्या जुन्या हवालदाराला घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. हा हवालदार तरुणपणी याच क्लबकडून डाव्या बाजूला खेळलेला.

कोवळं ऊन पडलं होतं. बावीस माणसांच्या खेळासाठी आखलेलं हिरवंगार मैदान, आणि त्याच्यावर तिरकं दुसरं एक मैदान. पांढऱ्या, फिकट रेघा. एक रेघ नव्या मैदानाची हद्द ओलांडून सरळ प्रेक्षकांच्या नव्या गॅलरीच्या भिंतीला जाऊन भिडली होती. भिंत तिथे नाहीच, अशा थाटात. रेघेच्या कडेने अनवाणी पावलं. हवालदार वाकला, बोटाने चुना उचलून हुंगला आणि उठलाच नाही.

"काय झालं?"

"साहेब, हा रंग नाय. शिंपल्यांचा चुना हाय, आमच्या वेळचा." मग तो त्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघत राहिला. "हे जुनं ग्राउंड हाय, साहेब. जसंच्या तसं. नवं बांधताना दिशा फिरवली. हा आमचा डावा कॉर्नर. इथनं मी बॉल मारायचो."

पाडलेलं मैदान रोज सकाळी थोडं थोडं परत येत होतं. मी बरीच प्रेतं पाहिली आहेत, बरीच रिकामी घरं पाहिली आहेत. पण त्या सकाळी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

क्लबचा गोलरक्षक तिथेच सरावाला आला होता. तो म्हणाला, समुद्राकडच्या गोलसमोर उभं राहिलं की पायाखालची जमीन मऊ लागते. "खाली कुणी कूस बदलतंय, असं वाटतं." सचिवांनी त्याला दटावलं. खेळाडूंनी आधीच कुजबूज सुरू केली होती, दोघांनी खेळायला नकार दिला होता. मी त्या गोलसमोर जाऊन उभा राहिलो. जमीन खरंच वाटीसारखी थोडी खचलेली होती.

रखवालदाराचा जबाब घेतला. रात्रभर जागा होतो, फाटकातून कुणी आलं नाही, हे तो शपथेवर सांगत होता आणि ते खरं होतं. खबर मिळाली ती मागच्या रस्त्यावरच्या चहावालीकडून. पोलिसांनी चहावाल्यांशी गोड बोलावं, असं मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. तिने किटली खाली ठेवली आणि आवाज न चढवता सांगितलं, "उजाडताना माळीकाका येतत. उंडीच्या झाडाकडं कुंपण अर्धवट हाय ना, तिकडनं. खांद्यावर काथ्या असतो. मी चहा विचारते, तर मान हलवून जातत."

माळीकाका म्हणजे जुन्या मैदानाची निगा राखणारे माळी. तीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने मैदान आखलं. नवं झाल्यावर त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही उंडीखाली थांबलो. काका आले. सत्तरी ओलांडलेला वाळका माणूस, हातात चुन्याची पिशवी, खांद्यावर गाठी मारलेला काथ्याचा दोर. आम्हाला बघून दचकले नाहीत. जणू वाटच बघत होते.

ठाण्यात आणून बसवलं. चहा दिला. मी दरडावून विचारलं, "काका, हे काय चाललंय? उद्या सामना आहे. लोक घाबरलेत."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "वळखलंव नाय मला? तुमीच तर बोल्लाव होताव. जागा दाखवा, मंग खणू."

मला ते आठवायला वेळ लागला, याची आजही लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी मी याच ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. मैदान पाडायला घेतलं त्या आठवड्यात काकांचा भाऊ बेपत्ता झाला. काका आणि भावजय तक्रार द्यायला आले. भाऊ रोज जेवल्यावर पाण्याच्या मोटारीच्या खड्ड्यात उतरून झोपायचा, तिथे गार असायचं; त्या दुपारी खड्डा बुजवला, असं काका सांगत होते. ते स्वतः त्या दिवशी पूर्णगडला सोयरिकीच्या बैठकीला गेले होते. पण कामावरचा मुकादम म्हणाला, खड्डा बघूनच बुजवला आणि भाऊ संध्याकाळी रेल्वे स्टेशनवर दिसला. इकडे घरातला पुरुष दिसेनासा झाला की लोकांना आधी मुंबई आठवते. मलाही तेच आठवलं. काका हटेनात तेव्हा मी वैतागून म्हणालो, मैदान सगळं उकरलंय, जागा दाखवा, मग खणू. पुढे माझी खेडला बदली झाली; बढती घेऊन याच ठाण्यात परतलो तो त्या वर्षीच. मैदानाभोवती पत्रे लागले आणि काकांना आत सोडणारं कुणी नव्हतं.

आता उंडीचं झाड आणि जुन्या फाटकाचा एक चिरेबंदी खांब, एवढ्याच दोन खुणा उरल्या होत्या. त्यांच्यावरून काका गाठींच्या दोराने कॉर्नर शोधत होते. कॉर्नरपासून खड्डा किती गाठी, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. पाणी मारणारी माणसं येईपर्यंत तासभर मिळायचा. ती रेघा धुवून टाकत, काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करत आणि रोज थोडं पुढे जात.

"मिळाली जागा?"

"आज मिळाली असती. तुमी धरलाव."

मी बेपत्ता व्यक्तींचं रजिस्टर मागवलं. नोंद एका ओळीची, अक्षर माझंच. मग मुकादमाला बोलावलं. तो आता मोठ्या कामांवर असायचा, शांत बसला होता. मी हात लावला नाही, आवाज चढवला नाही. फक्त स्टेशनवर दिसलेल्या माणसाबद्दल विचारत गेलो. शर्ट? आठवत नाही. पिशवी? असेल. कुठल्या फलाटावर? लक्षात नाही. पायात काय होतं?

"चपला," तो लगेच म्हणाला. "निळ्या पट्ट्याच्या."

खोटं बोलणाऱ्याला सगळं विसरता येतं, ज्याने त्याची झोप उडवलेली असते तेवढं सोडून. त्यालाही ते कळलं. म्हणाला, "बघितलं नव्हतं, साहेब. घाईत बुजवला. मशीन थांबलं तेव्हा खड्ड्याच्या पायरीशेजारी चपला दिसल्या. तोवर खड्डा भरला होता. मी त्या उचलून भरावावर टाकल्या आणि वर आणखी माती ओढली."

सामना पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी कार्यकारी दंडाधिकारी, पंच, डॉक्टर असे सगळे जमलो. काकांनी दोर ताणला. भिंत आडवी आली की वळसा घालून गाठी मोजत. शेवटची गाठ समुद्राकडच्या गोलसमोर, त्या खचलेल्या वाटीच्या मधोमध आली. त्यांनी तिथे चुन्याची चिमूट सोडली आणि बाजूला झाले. फार खोल जावं लागलं नाही. आधी निळा पट्टा दिसला.

पंचनामा होईपर्यंत काका दोर गुंडाळत उभे होते. मी जवळ गेलो. "काका, माझं चुकलं."

"तुमी जागा दाखवा बोल्लाव," ते म्हणाले. "दाखवली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. पलीकडे भावजय उभी होती, कपाळावर ठळक कुंकू. तीन वर्षं ते तिने माझ्या एका ओळीच्या भरवशावर लावलं होतं.

क्लब पुढच्या महिन्यात घरी परतला. मैदान कुणी आखावं याची चर्चा झाली नाही. काका आणि त्यांचा दोर सकाळीच हजर होते. मी बंदोबस्तात उभा होतो, पण खेळ मला दिसला नाही. नोकरीत मी माणसं ओळखायला शिकलो असं समजत होतो. खरं तर जे सगळीकडे घडतं तेच इथेही घडलं असणार, असं धरून चालायला शिकलो होतो. हा आळस असतो, आणि तो अनुभवाच्या वेषात येतो.

निवृत्तीच्या दिवशी मी ते रजिस्टर शेवटचं उघडलं. माझी ओळ तशीच होती: 'मुंबईस गेला असावा.' सरकारी नोंद खोडता येत नाही. तिच्याखाली मी लाल शाईने लिहिलं: 'मैदान सोडून कुठेही गेला नव्हता.' आणि पुढे सही, माझीच.