तांब्याची पिन

पक्कडीत धरून पिन ओढली, तर अर्धी हातात आली आणि अर्धी भोकातच राहिली. हातात आलेली बोटांनी चुरडली, तर तिचा भुगा झाला. शुक्रवारची सकाळ होती आणि रविवारी किहीमच्या वाळूवर मोटारींची शर्यत होती.

"काय झालं, मिस्त्री?" कासम चाकाशेजारी उकिडवा बसला होता.

"गंज. महिनाभर गाडीला दर्याचं पाणी पाजलंस, ते आता बाहेर येतंय."

ही गोष्ट स्वातंत्र्याच्या पंधराएक वर्षं आधीची. अलिबागला एका गुजराती शेठची मोटर सर्व्हिस होती. रेवसच्या धक्क्यापर्यंत तिच्या बसगाड्या चालत आणि त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो. माझं काम बस चालू ठेवण्याचं. शर्यतीच्या गाडीशी माझा संबंध आला तो कासममुळे.

कासम थळचा. त्याचे वडील तांडेल, म्हणजे गलबताचे कप्तान. आमचे टायर-ट्यूब मुंबईहून त्यांच्याच गलबतातून येत, म्हणून शेठ त्यांना दुखवत नसे. कासम शिडाच्या गलबतावर रमला नाही. तो आगबोटीच्या इंजिनखात्यात तेलवाला म्हणून लागला आणि आठ वर्षांनी परत आला. आता याने वाडी करावी, चार माड लावावेत, अशी बापाची इच्छा. याने मुंबईच्या कुणा डॉक्टरने टाकून दिलेली सात हॉर्सपॉवरची इवलीशी गाडी घेतली, फळ्यांवरून मचव्यात चढवली आणि आमच्या दारात आणून उभी केली.

"शर्यतीत घालायची हाय," म्हणाला.

थंडीच्या दिवसांत मुंबईची मोटर-शौकीन मंडळी किहीमला येत. बहुतेक गोरे साहेब, सोबत दोन-चार आपले श्रीमंत. ओहोटीला तिथली ओली वाळू आमच्या तेव्हाच्या रस्त्यांपेक्षा किती तरी सपाट आणि टणक असते. दोन टोकांना पिंपं उभी करायची आणि त्यांना वळसे घालत पळायचं, एवढीच शर्यत. आपल्यातल्या साध्या माणसाला नाव द्यायला बंदी नव्हती, पण देत कोणी नसे.

"कशाला रे ही थेरं?" मी विचारलं होतं.

"आठ वर्सं साहेबांच्या इंजिनाला तेल घातलं. येक डाव त्यांच्या फुडं जाऊन बगायचंय."

हौसेला मोल नसतं म्हणतात. कासमच्या हौसेला होतं आणि ते त्याच्याजवळ नव्हतं. इंजिनाची ताकद वाढवायची तर पैसा लागतो, वजन उतरवायला मात्र नुसता पाना पुरतो. म्हणून आम्ही मडगार्ड काढले, हूड काढला, काच, मागची सीट आणि शेवटी दारंही काढली. बसायला काथ्या भरलेलं पोतं. साहेबांच्या डब्यातल्या महागड्या तेलात मुख्यतः एरंडेल असतं, हे कासमला बोटीवर कळलेलं. मग आम्ही जुनं तेल धुऊन काढलं आणि घाण्यावरचं एरंडेल फडक्यातून गाळून इंजिनात ओतलं. गाडी पुढे गेली की मागे वैद्याच्या घरासारखा वास सुटे. बसच्या कामानंतर मी त्या गाडीत हात घालायचो आणि खरं सांगतो, तेवढा आनंद मला बसने कधी दिला नाही.

आता त्या पिनेबद्दल. स्टिअरिंग फिरवलं की एक लोखंडी दांडा पुढे-मागे होतो आणि तो चाकं वळवतो. त्याला ड्रॅग लिंक म्हणतात. दांड्याचा सांधा एका नटाने आवळलेला असतो. गाडीच्या हादऱ्यांनी नट सैल होऊन फिरू नये, म्हणून त्यातून आरपार एक दुमडलेली तार घालून तिची टोकं वाकवतात. ती स्प्लिट पिन. असते एवढीशी, पण ती गेली की नट जातो, नट गेला की दांडा सुटतो आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, चाकं वळत नाहीत.

बसच्या पिना त्या भोकाला जाड होत होत्या. मुंबईहून मागवायच्या तर मंगळवार उजाडला असता. एक मार्ग होता. सांधा उतरवायचा, भोक ड्रिलने मोठं करायचं आणि बसची जाड पिन घालायची. हातड्रिलने तासाभराचं काम, पण सांधा उतरवणं जिवावर आलं होतं.

तेवढ्यात तांडेल आले. जुम्म्याच्या नमाजाला कासमला घेऊन जायचं होतं त्यांना. मी तळहातावरचा भुगा दाखवला.

"लोखंड," ते म्हणाले. "खाऱ्या पान्यात लोखंड टिकत न्हाय, मिस्त्री. आमी पान्याखालच्या फळ्यांना तांब्याचा खिला मारतो. माज्या बापानं मारलेलं खिलं अजून तसंच हायत. तांबं घाल."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक जुना तांब्याचा खिळा काढून माझ्या हातावर ठेवला. बाप-लेक नमाजाला गेले.

मला तो सल्ला पटला. पटला म्हणण्यापेक्षा सोयीचा वाटला. मी भोकातला गंजका तुकडा ठोकून काढला, खिळा तापवला, ठोकून तार केली, कानशीने घासली आणि दुमडून नटात घातली. लोण्यात सुरी जावी तशी बसली. टोकं वाकवायला पक्कडही लागली नाही, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. जी पिन बोटांनी वाकते, ती नटाला काय अडवणार? तांबं गंजत नाही हे खरं. होडीच्या फळीत खिळा जागचा हलत नाही, तिथे तेवढं पुरतं. मोटारीत नट क्षणोक्षणी पिनेवर रेटत असतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी मी ते मनात येऊ दिलं नाही. उलट आपण दर्यावरचं शहाणपण मोटारीला लावलं म्हणून जरा फुशारलोच. सांध्यावर ग्रीसचा गोळा थापला, खारं पाणी लागू नये म्हणून वरून गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं. कासम परत आला तेव्हा नुसतं "झालं" म्हणालो.

रविवारी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला पाणी पार खाली गेलं होतं. तपासणारा साहेब आला. त्याने चाकं हलवली, स्टिअरिंग फिरवलं, पोत्याच्या सीटकडे बघून हसला आणि गाडी पास केली. गोणपाट सोडून बघायला त्याने सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. पण माझं काम तपासायची जबाबदारी मी त्याच्यावर का टाकू?

"मिस्त्री, फुडचं घट हाय ना?" कासमने विचारलं.

"घट्ट."

पाच गाड्या सुटल्या. पहिल्या फेरीत तो शेवटी होता. दुसरीत तिसरा. हलकी गाडी सरळ रेषेत मागे पडायची, पण पिंपाजवळ साहेबांच्या जड गाड्या बाहेर फेकल्या जात आणि हा आतून निघून जाई. तिसऱ्या फेरीत त्याच्यापुढे एकच गाडी उरली. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत होत्या. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही.

थळच्या बाजूच्या पिंपाला पोचल्यावर त्याने स्टिअरिंग फिरवलं. हात फिरलेले मला लांबूनही दिसले. चाकं वळली नाहीत. गाडी सरळ समुद्राकडे गेली. वाळूत पाण्याने कापलेली एक घळ होती, तिच्यात पुढची चाकं रुतली आणि गाडी उलटी झाली.

मी धावत पोचलो तेव्हा कासम दहा हातांवर पडला होता. मान मोडली होती. डोळे उघडे होते. मी त्याला हाका मारत राहिलो, शेवटी कुणीतरी मला बाजूला केलं.

त्याला उचलून सुरूच्या झाडांखाली नेलं. गाडी ओढायला बैल मिळेपर्यंत पाणी चढू लागलं, म्हणून ती दोर लावून खुंटाला बांधली आणि तशीच सोडली. उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. भरतीच आली होती, नाहीतर साहेबांनी त्या रद्द केल्या असत्या की नाही कोण जाणे. फौजदाराने मयताचा पंचनामा सकाळीच उरकला आणि दफनाची परवानगी दिली. गाडीचा पंचनामा संध्याकाळी, पाणी उतरल्यावर.

साडेचारला चाकं उघडी पडली. मी आणि शेठ आधीच तिथे जाऊन उभे होतो. मी गोणपाटाची सुतळी कापली. आत नट सुटा पडला होता आणि त्याच्याबरोबर पिनेचा अर्धा तुकडा, कातरल्यासारखा.

"आ शूं?" शेठने विचारलं.

"तांबं."

"कोणी घातलं?"

"मी."

शेठने घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "जो भाई, माणूस गेला तो गेला. फौजदार पाचला येतो. माझ्या वर्कशॉपचं नाव, तुझी नोकरी, तुझी बायको-पोरं. समज्या? लोखंडाची पिन कुठे मिळेल?"

मिळाली. त्याच गाडीच्या मागच्या ब्रेकच्या दांडीत, त्याच मापाची. वरून गंजलेली, पण आतून शाबूत. शुक्रवारीही ती तिथेच होती. मी बघितलंच नव्हतं. ब्रेकच्या दांडीला तार गुंडाळली, ती पिन काढून पुढे आणली, दांडा जोडला, नट आवळला, पिन घातली, टोकं वाकवली. थळच्या कब्रस्तानात लोक कासमला माती देत होते, तेव्हा मी गुडघाभर पाण्यात उभा राहून हे करत होतो. काम नेहमीच्या सफाईने झालं, याची मला अजून लाज वाटते. तांब्याचा तुकडा शेठने माझ्या हातातून घेतला आणि समुद्रात भिरकावला.

फौजदार आला. लोकांनी गाडी सुलटी केली, पंचांनी स्टिअरिंग फिरवलं, चाकं वळली. कागदावर लिहिलं गेलं की गाडी सुस्थितीत होती, चालक नवशिका होता, त्याला वेग आवरला नाही. मी खाली सही केली.

दहा-बारा दिवसांनी तांडेल वर्कशॉपमध्ये आले. मी बसखाली होतो. बाहेर आलो तर ते टायरच्या ढिगाजवळ उभे.

"बसा ना, चाचा."

बसले नाहीत. "मिस्त्री, लोक म्हनतात माज्या पोराला गाडी येत नव्हती. फौजदारानं कागदावर लिवलंय. मना वाचता येत न्हाय. पन सात वर्साचा असताना सुकान त्याच्या हातात मीच दिलं. त्यानं कंदी वळान चुकवलं न्हाय. तू तितं व्हतास. तू सांग."

गप्प बसावं, तर मेलेल्या पोराच्या माथी खोटा आळ. खरं सांगावं, तर या म्हाताऱ्याला सांगावं लागणार की तुमचाच खिळा. मी निम्मंच खरं सांगायचं ठरवलं.

"त्याला गाडी येत होती, चाचा. साहेबांपेक्षा चांगली येत होती. चूक माझी. पिन तुटली. पंच यायच्या आधी मी दुसरी घातली, म्हणून कागदावर तसं आलं."

"कंची पिन?"

"लोखंडाची. जुन्या सामानातली, गंजकी होती. तीच घातली मी."

"मी सांगितलं व्हतं तुला. तांबं घाल म्हनून."

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही."

मला वाटलं ते हात उगारतील. उगारला असता तर सोसायला सोपं गेलं असतं. त्यांनी हात पुढे केला, पण तळवा वर करून.

"मग माजा खिला दे. बापाच्या हातचा हाय तो."

माझ्याजवळ खिळा नव्हता. मी उगाच बाकावरचे डबे हलवले, ड्रॉवर उघडला, बंद केला. "इथेच कुठेतरी असेल," म्हणालो. त्यांचा हात तसाच पुढे होता. मी तिसरा डबा उघडला तेव्हा त्यांनी तो हळूहळू मागे घेतला. त्यांना कळलं होतं. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले आणि भिंतीला धरत बाहेर गेले.

त्या हंगामानंतर तांडेलांनी गलबत विकलं. मी पुढच्याच महिन्यात नोकरी सोडून मुंबईला आलो आणि एका बसच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालो. हाताखालच्या फिटरांना मी एकच गोष्ट बजावत असे. सल्ला कोणाचाही घ्या, पण पिन घालताना तो देणाऱ्याचं नाव विसरा. घालणारा हात तुमचा आहे. ते माना हलवत आणि कामाला लागत. त्यातला एकही पिना बघायला पुन्हा गाडीखाली जात नसे, म्हणून मीच जायचो.