बाबांच्या खोलीचा आकडा

बाबांना गरम होतंय की नाही हे सांगणारी एक पांढरी डबी आमच्या घरात होती. काडेपेटीहून थोडी मोठी, आत नाण्यासारखी चपटी बॅटरी, वायर कुठेच नाही. मी ती मागवली तेव्हा आईने विचारलं की माणूस समोर झोपलेला असताना त्याला उकडतंय का हे भिंतीला कशाला विचारायचं. मी चिडले. मी तशी कशावरही चिडते, पण या वेळी चिडायला कारण होतं. बाबांना स्वतःलाच ते कळत नव्हतं.

गणपतीचं मखर माळ्यावर ठेवताना ते स्टुलावरून पडले आणि मानेतला मणका गेला. गळ्याखाली शरीर होतं, पण त्याची खबर वर पोचत नव्हती. हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की यांना आता घाम येणार नाही. खोली तापली की अंगही तापत जाईल, आणि ते जिवावर बेतू शकतं. खोली सत्तावीसच्या वर जाऊ देऊ नका. तरुणपणी गिरणीच्या उकाड्यात घामाने निथळलेला, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला एमआयडीसीत वॉचमन म्हणून उन्हात उभा राहिलेला माणूस. त्याला घाम येणार नाही म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरायलाच खूप दिवस लागले.

आमचं घर दिंडोशीला, कॉलनीत शेवटच्या मजल्यावर. मार्च लागला की गच्चीचा स्लॅब तापतो आणि रात्रीपर्यंत निवत नाही. आतल्या खोलीत बाबांची कॉट आणि एक जुना एसी. एसी सारखा चालवला की त्यांना कफ व्हायचा, बंद केला की खोलीची भट्टी. आई दिवसभर घरात, पण तिचा जन्म गॅससमोर गेलेला, तिला उकाडा कधी जाणवलाच नाही. मी एकुलती एक, आणि दिवसभर ऑफिसात. म्हणून ती डबी.

रविवारी बसवायला घेतली. बॅटरीखालची प्लास्टिकची पट्टी ओढून काढली. बाहेरच्या खोलीत प्लगमध्ये तिचा जोडीदार खोचला, जो वायफायवरून आकडा माझ्या फोनवर पाठवणार होता. पण दोघांची ओळख काही पटेना. एका बारीक भोकातलं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं होतं आणि मला टाचणी सापडत नव्हती. आईने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. निळा दिवा लुकलुकला आणि फोनवर बाबांची खोली आली. एसीच्या झोतात नको, खिडकीशी नको, उन्हाच्या भिंतीवर नको, असं करत शेवटी मी ती कॉटच्या उशाशी, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर चिकटवली. बाबा नुसते डोळे फिरवून सगळं बघत होते.

"माका उकाडता काय नाय, ता आता ह्या डबयेक इचारूक व्हया," ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि डबी गळून पडली. आईने ती उचलली, पदराने पुसली आणि घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली, म्हणजे देव्हाऱ्यात. मला कळवावं असं तिच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी तिने निरांजन लावलं आणि इकडे ऑफिसात माझा फोन कोकलायला लागला. आकडा बघता बघता चाळीसपर्यंत गेला. घरी फोन लावला तर कोणी उचलेना. रिक्षा केली, हायवेला नेहमीचं ट्रॅफिक, त्या बिचाऱ्या रिक्षावाल्याला वाटेल ते बोलले. धापा टाकत घरात शिरले तर बाबा अंगावर घातलेल्या चादरीत पडून उघड्या दारातून टीव्ही बघत होते, आई डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती आणि डबी गणपतीच्या शेजारी, निरांजनाला लागून तापत होती.

"देवाक ताप इलो म्हणान धावत इलंस?" बाबांनी विचारलं.

मी आईवर नको तितकी ओरडले. ती हळूच म्हणाली की बाबांची राखण करणारी वस्तू, ती काय चपलांच्या फळीवर ठेवायची होती? दुसऱ्या दिवशी चांगली टेप आणून मी डबी पुन्हा उशाशी लावली.

हळूहळू त्या आकड्यावरून मला ऑफिसात बसून घर दिसायला लागलं. दार उघडं राहिलं, एसीने मान टाकली, लाइट गेली, सगळं कळायचं. गावाहून माणसं भेटायला आली आणि कॉटभोवती बसली की आकडा चढायला लागायचा. मी लगेच फोन करायचे, खोलीत कोण बसलंय म्हणून. आई पाहुण्यांना बाहेर काढायची आणि वर सांगायची की मुलगी तिकडून बघतेय. नातेवाईक दुखावले, एका काकांनी तर येणंच सोडलं. आईला मात्र एवढं पक्कं समजलं की माणसाच्या अंगाची ऊबही त्या डबीला लागते.

दोन उन्हाळे आम्ही असे काढले. बाबा गेले ते जानेवारीत, थंडीच्या दिवसांत. छातीत कफ साठला आणि खोकून तो बाहेर काढायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. त्या सकाळी खोलीचा आकडा अगदी हवा तसा होता, फोनवर हिरव्या रंगात. त्या हिरव्या रंगाचा मला इतका संताप आला की फोन भिंतीवर फेकून द्यावासा वाटला. आम्ही उन्हाळ्याला घाबरत राहिलो आणि ज्याची कोणी धास्तीही घेतली नव्हती त्याने त्यांना नेलं.

स्मशानात मीही गेले होते. लाकडं रचून होत होती, तेवढ्यात हातातला फोन वाजला. बाबांच्या खोलीचं तापमान वाढलं आहे, असं त्यावर आलं होतं. मी ताडकन उठले आणि घरी फोन लावायला निघाले. एसी लाव, असं आईला सांगायचं होतं. दोन पावलं गेल्यावर बाबा माझ्या समोरच आहेत हे लक्षात आलं. घरी कॉलनीतल्या बायका त्या खोलीत जमल्या होत्या आणि त्यांनी बाबांच्या उशाच्या जागी, बरोबर डबीच्या खाली, दक्षिणेकडे वात करून दिवा लावला होता.

तो दिवा तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नव्हता. आईने त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. वाऱ्याने जाऊ नये म्हणून दार लोटलेलं, पंखा बंद. त्यामुळे ती खोली बाहेरच्या खोलीपेक्षा सारखी थोडी गरम राहायची, बाबा असताना एसी बंद केल्यावर असायची तशी. मी येता जाता फोन बघायचे. खोलीत दिवा आहे हे मला माहीत होतं, तरी आत कोणीतरी आहे असंच वाटायचं, आणि मला ते हवं होतं.

तेराव्याला दिवा शांत केला. भाड्याची कॉट माणसं येऊन घेऊन गेली. संध्याकाळी आकडा उतरत उतरत खाली आला आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. इतके दिवस मी रडले नव्हते. काय झालं म्हणून आईने विचारलं, तर बाबांची खोली थंड पडली एवढंच मला सांगता आलं. दुसऱ्या दिवशी मी डबी काढायला गेले तेव्हा तिने माझा हात धरला आणि ती राहू दे म्हणाली.

मी ऑफिसला जायला लागले. फोन बघायची सवय सुटली नव्हती. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की दुपारी जेवणाच्या सुमारास बाबांच्या खोलीचा आकडा चढतो आणि मी घरी पोचेपर्यंत चढलेलाच राहतो. आधी वाटलं ऊन. पण बाहेरच्या खोलीला तेच ऊन होतं आणि घरी पोचल्यावर ती काही तितकी तापलेली नसायची. मग फोनवर बॅटरी संपत आल्याची सूचना दिसली आणि मी सगळं खापर बॅटरीवर फोडलं. स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून नवी घेतली आणि अर्ध्या दिवसाची सुटी टाकून घरी आले.

माझ्या चावीने दार उघडलं. टीव्ही बंद, स्वयंपाकघरात कोणी नाही. आतल्या खोलीचं दार लावलेलं. ते ढकललं तर आई खाली चटईवर बसली होती, बाबांच्या उशाच्या जागी, भिंतीला टेकून, डबीच्या बरोबर खाली. पंखा बंद. कपाळावर घाम. मांडीवर ताट घेऊन ती तांदूळ निवडत होती. इथे कोंडून घेऊन काय करतेस, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

ती खालमानेने निवडत राहिली.

"तू ऑफिसात बसान बघतंस ना," ती म्हणाली. "खोली तुका रिकामी दिसाक नको."

मी पर्स तिथेच टाकली आणि डबी भिंतीवरून काढून तिचं झाकण उघडू लागले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. जुनी बॅटरी काढून नवी घातली, पण फोनवर खोली येईना. बटण पुन्हा दाबायला हवं होतं. मी मागायच्या आत आईने बांगडीची पिन काढून पुढे केली. निळा दिवा लुकलुकला. मी डबी होती तिथे चिकटवली. आईने ताट बाजूला सारलं आणि चटईवर सरकून मला जागा केली.

"बस," ती म्हणाली. "बघूया, दोघींचो आकडो किती येता."

मी दार लावलं, पंखा बंदच ठेवला आणि तिच्या शेजारी बसले.