विजयाताईंच्या पाट्याला टाकी

गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावर रोज सकाळी गुडघे टेकून, चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका पाट्यावर वाटणारी बाई एकच. विजयाताई साळोखे, मानववंशशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. अभ्यास मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचा. ग्वाटेमालाला मात्र कधी जाणं झालं नाही. अनुदान नव्हतं तेव्हा वय होतं, अनुदान आलं तेव्हा वय नियमात बसेना.

जुन्या माया घरांच्या उत्खननात झिजलेले पाटे निघतात. त्यावर एकीनं वाटलं की चौघींनी, किती वर्षं, हे ओळखायला तुलनेसाठी एक पाटा हवा: एकाच बाईनं, त्यांच्याच बैठकीत, त्यांचंच धान्य वर्षानुवर्षं वाटलेला. तिकडचा दगड ज्वालामुखीचा, आपल्या साताऱ्याचाही तोच. ताईंनी सासरचा पाटा काढला आणि बारा वर्षं झिजवला.

त्या मक्याच्या पोळ्या ताईंचे यजमान, सुभेदार हणमंतराव, रोज खात. सीमेवर सोसलं त्याचं त्यांना पदक मिळालं; या मोहिमेचं साधं प्रशस्तिपत्रही नाही. खालच्या मजल्यावरची सलोनी आवाजानं वैतागायची.

"आंटी, मिक्सर ले लो ना यार."

"बेटा, मिक्सर से झीज नहीं आती," ताई सांगत.

आणि अखेर ग्वाटेमालाचे एक संशोधक दिल्लीच्या परिषदेला आले. सोमवारी ते घरी येऊन पाट्याच्या झिजेचा साचा घेणार होते.

शनिवारी ताई पहाडगंजच्या मराठी शाळेत भाषण देऊन हणमंतरावांबरोबर परतल्या. साताऱ्याहून आलेल्या थोरल्या नणंदबाई, तानूबाई, दारातच हसत उभ्या.

"पाटा बघ आधी. पार गुळगुळीत झाला होता गं. गेटवर पाटे टाकवणारा ओरडत होता, गार्डला लाडू देऊन वर आणला त्याला. कशी वाटत होतीस इतकी वर्षं?"

ताईंनी पाट्यावरून हात फिरवला. सगळीकडे टाकीचे ताजे घाव. बॅटरी आणून पाहिलं. झिजेची झिलई उरली होती ती फक्त अगदी कडेला, जिथे वरवंटा जेमतेम पोचतो.

"वरवंटाही टाकवला," तानूबाई म्हणाल्या.

"बरं केलंत, वन्सं."

हणमंतराव स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, "पुन्हा सुरू कर. मी खाईन."

"गुडघे टेकत नाहीत हो आता. वर्षभर उशी घेऊन चाललंय."

मग ताईंनी फोन केला. इंग्रजीत, थोडक्यात.

"कुणाला गं?" तानूबाई मिरच्या निवडत होत्या.

"सोमवारी पाहुणे यायचे होते. आता येणार नाहीत."

"चला, तेवढीच तुझी दगदग वाचली."

"हो," ताई म्हणाल्या, आणि लसूण सोलायला बसल्या.