शेऱ्याचा रकाना

सुमनचा फोन सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आला. “दाजी, हे उठंनात…” एवढंच ती बोलली. मी उचगावला पोहोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. आनंदराव माझे साडू, वय चोपन्न. याला आता दीड महिना झाला.

गावातल्या दूध संस्थेत ते एकवीस वर्षं मशीनवर दुधाची फॅट मोजायचे. कोरोनात अकरा दिवस ऑक्सिजनवर राहून घरी आले, महिन्याभरात हिंडूफिरू लागले, पण संस्थेत जाईनात. दारापर्यंत जायचे, छातीत धडधड सुरू झाली की परत फिरायचे. घरात कुणी दार लावलं तर घाबरे व्हायचे. माझा भरवसा आकड्यांवर. मी ऑक्सिमीटर नेऊन दिला, वहीत रकाने आखले: तारीख, ऑक्सिजन, नाडी, शेरा. दर रविवारी जाऊन आकडे बघायचो, “अठ्ठ्याण्णव आहे, तुम्हाला काही झालेलं नाही,” असं सांगायचो आणि शेऱ्यात ‘ठीक’ लिहून निघायचो. असे चौदा रविवार गेले. पंधराव्याला ते म्हणाले, “पावणं, मशीन नुसती फॅट सांगतंय. दूध नासलंय का, ते न्हाई सांगत. त्यासाठनं मी आधी किटलीत नाक घालतो.”

“मग मी आता नाक कुठं घालू?”

“कुठं घालू नगा. हितं बसा जरा…”

दोन तास बसलो. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला, तेव्हा वाजत राहिलेली मशीनची शिट्टी त्यांना अजून ऐकू येत होती. डोळे मिटायची भीती वाटत होती. त्याच आठवड्यात त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. “येडा झालो म्हणतील की,” एवढं एकदाच म्हणाले. सात महिन्यांनी पुन्हा संस्थेत बसू लागले. धडधड कमी झाली, पूर्ण गेली नाही. मृत्यूचा त्या धडधडीशी संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. मीही तो जोडत नाही.

परवा सुमननं ती वही माझ्याकडे दिली. पंधराव्या रविवारनंतर आकडे नाहीत. नुसत्या रविवारच्या तारखा आणि शेरा, त्यांच्या अक्षरात: ‘पावणे आले. बसले.’ खाली पानोपानी तेच. शेवटच्या दोन वर्षांत एकतीस तारखांपुढं मात्र रकाना कोरा आहे… त्या रविवारी मी गेलो नव्हतो.