मौसमाची पेटी

"मौसम झाला. बंद!"

असं म्हणून बाई अंगठ्याने बटण फिरवायच्या आणि रेडिओवरच्या माणसाचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटायचा. "उद्या काही ठिकाणी गडगडाटासह पाऊस पडेल. आता ऐकू या..." काय ऐकू या, ते शाळेत आम्हाला कधीच कळलं नाही. बॅटरी गाण्यांसाठी नव्हती, मौसमासाठी होती. असल्या शिस्तीची माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती असतात तोवर त्यांचा जाच वाटतो, हीच त्यांची गंमत.

मी तेव्हा उज्जैनच्या सरकारी कन्या शाळेत नुकतीच लागले होते. मध्यभारत राज्य अजून होतं. त्याची राजधानी थोडे महिने इंदूरला आणि थोडे महिने ग्वाल्हेरला मुक्काम करायची, आणि आमच्या बदल्यांचे कागद तिच्यामागे फिरत राहायचे. बाई भूगोल शिकवत. ठेंगण्या, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या, चालणं इतकं भरभर की सोबतचा माणूस कायम दोन पावलं मागे. त्यांचे पणजोबा दरबारच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आले, तेव्हापासून घर इथलंच. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि राग आला की दोन्ही एकदम.

रेडिओ घ्यायला माधव नगरच्या दुकानात त्या मला बरोबर घेऊन गेल्या. दुकानदाराने मोठ्या कौतुकाने एक सागवानी पेटी दाखवली. मखमली जाळी, पितळी बटणं, आत हिरवा दिवा.

"बिजली से चलता है?" बाईंनी विचारलं.

"जी बहनजी, एकदम साफ आवाज़."

"और बिजली गई तो?"

"तो... बिजली आने तक रुकना पड़ेगा."

"इकडे पाऊस आला की बिजली जाते," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "म्हणजे ज्या दिवशी मौसम सांगायचा, नेमका त्याच दिवशी हा मुका! भैया, उठाओ इसको."

मग बॅटरीवर चालणारा निघाला. लहान सूटकेससारखा, वर धरायला कडी, वजन साधारण दीड वर्षाच्या गुबगुबीत मुलाएवढं. दुकानदार गाण्याचं स्टेशन शोधायला लागला. बाईंनी त्याचा हात बाजूला केला, पेटी उचलली आणि सरळ रस्त्यावर गेल्या. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभ्या राहून त्यांनी बातम्या ऐकल्या. गिरणी धडधडत होती. बातमीतले शब्द कळतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. परत आल्यावर डोळे गच्च मिटून त्यांनी तीनदा बटण शोधलं. अंधारात सापडायला हवं ना!

खरी लढाई पुढे होती. बॅटरी म्हणजे पुठ्ठ्यात गुंडाळलेली भलीमोठी वीट.

"कब की है?"

"एकदम ताज़ी, बहनजी."

"ताज़ी तो बासी भाजी को भी बोलते हैं. तारीख दिखाओ."

कपाटात पडल्या पडल्यासुद्धा बॅटरीचा जोर जातो, हे मला त्या दिवशी माहिती पडलं. दुकानदाराला ते आधीपासून माहीत असावं, कारण तारीख दाखवताना तो पंख्याकडे बघत होता. तीन बॅटऱ्या परत गेल्या, चौथी पास झाली.

रेडिओला लायसन्स लागायचं. पोस्टातल्या कारकुनाने विचारलं, सेट कुठे राहणार?

"माझ्याबरोबर."

"मतलब, पता?"

"जहाँ मैं, वहाँ ये. इसीलिए तो कडीवाला लिया!"

कारकुनाने पेन खाली ठेवलं, मोठ्या साहेबांना बोलावलं. मागे रांग वाढत गेली. शेवटी बाईंनी घरचा पत्ता लिहू दिला, पण "हे खोटं आहे हं" असं त्याला मराठीत बजावून.

परतताना आम्ही पेटी आळीपाळीने धरली. माझा दंड भरून आला तेव्हा मी जरा चिडूनच म्हटलं, "बाई, एवढा कशाला हा परेशानीचा सौदा? वर बघितलं की मौसम दिसतोच की."

त्या चाल मंदावून माझ्या बरोबरीला आल्या. मग म्हणाल्या, "तू यायच्या आधी पूर आला होता. शाळेत पाणी शिरलं. मी आणि अकरा पोरी वरच्या मजल्यावर दोन दिवस होतो. भूक लागली, सहन केली. भीतीचंही काही नाही. पण पाणी अजून चढणार आहे की आता उतरणार, हे सांगणारं कोणी नव्हतं. एक पोरगी दर थोड्या वेळाने विचारायची, बहनजी, घर कब जाएँगे? मी भूगोलाची मास्तरीण. मला उत्तर देता आलं नाही."

एवढं बोलून त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा दोन पावलं पुढे निघून गेल्या.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. पावसाळ्यात दमट हवेने बॅटरी खराब होऊ नये म्हणून बाई ती काढून गव्हाच्या डब्यात, गव्हात पुरून ठेवायच्या. आजी वैतागायच्या. "उद्या पोळीला करंट लागेल," म्हणायच्या. "शेजारी विचारतात, सोनं कुठे ठेवता? मी काय सांगू, आमच्याकडे गव्हात मौसम आहे?"

दिवसातून दोनदा, बातम्या संपता संपता पेटी सुरू करायची, मौसम ऐकायचा, बंद. या हिशेबाने बॅटरी वर्षभर पुरायला हवी होती. तीन महिन्यांत आवाज बारीक झाला. बाईंनी दुकानदाराला असं काही पत्र लिहिलं की तो बिचारा दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आला. बाई शाळेत होत्या. दार लोटलेलं. आत आजी डोळे मिटून, मांडीवर ताल धरून बसलेल्या, समोर पेटी, आणि पेटीतून नाट्यगीत.

संध्याकाळी खटला उभा राहिला. मी साक्षीला होते.

"मी मौसमच ऐकत होते," आजी म्हणाल्या. "मध्ये गाणं लागलं. आता कान काढून कुठे ठेवू?"

"तीन महिने मध्येच लागत होतं?"

"पाऊसही तीन महिनेच होता."

बाईंनी दुकानदाराला माफीचं पत्र लिहिलं. नवी बॅटरी आणली. पेटी रोज बरोबर शाळेत न्यायला लागल्या. आणि आईसाठी रोज एक गाणं मंजूर केलं, घरी रात्रीच्या मौसमानंतर. फक्त एक. ते संपेपर्यंत स्वतः बटणावर अंगठा ठेवून उभ्या. पण मी पाहिलंय, तान लांबली की अंगठाही थांबायचा.

पुढच्या श्रावणात पर्वाचा दिवस आला. नदीवरच्या राम घाटावर यात्रेकरूंना पाणी द्यायला आमच्या शाळेच्या चाळीस मुली होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे हेडमास्तरीणबाईंनी, अगदी खालच्या पायऱ्यांजवळ टेबल मांडलं होतं. पितळी हंडे, शाळेच्या नावाची पाटी, आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी एक गादीची खुर्ची. लख्ख ऊन पडलेलं. आणि या सगळ्यात बाई, खांद्याला पट्ट्याने रेडिओ अडकवून.

दुपारचा मौसम लागला. तुरळक पाऊस, काळजीचं काही नाही. पण शब्दांच्या मध्ये सारखी कडकड होत होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "झालं, बिघडला वाटतं तुमचा डबा."

बाईंनी या वेळी बटण बंद केलं नाही. पेटी हातात धरून त्या जागच्या जागी हळूहळू वळायला लागल्या, देवळात प्रदक्षिणा घालावी तशा. एका बाजूला वळल्या की कडकड मंदावायची, इंदूरच्या रोखाने धरली की वाढायची. मुली हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना.

"बिघडला नाही," बाई म्हणाल्या. "वीज चमकली की रेडिओत कडकडतं. तिकडे सारख्या विजा पडतायत. इंदूरकडे जबरदस्त पाऊस चाललाय. पोरींना वर घ्या."

"अहो, डोक्यावर ऊन आहे!"

"ऊन इथे आहे, मोठ्या बाई. नदी तिकडून येते."

"आणि साहेब आले तर? रेडिओवाला तर स्वतः म्हणतो काळजी नाही!"

"तो दिल्लीत बसलाय."

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. उद्या लेखी जाब विचारीन, असं त्या म्हणाल्या. बाईंनी मान डोलावली, शिट्टी काढली आणि चाळीस मुलींना रांगेने घाटाच्या वर, धर्मशाळेच्या ओसरीवर नेऊन बसवलं. मग खाली जाऊन फुलवाल्यांना, नाववाल्यांना सांगितलं. एक पंडाजी हसून म्हणाले, "बहनजी, मैया हमको बता के आती है."

"तो आज मेरे से बुलवा रही है, समझ लो."

दोन-चार जणांनी आपल्या टोपल्या वर उचलल्या. बाकीचे हसले.

एक तास गेला. दुसरा गेला. नदी आपली शांत. मुली कंटाळल्या, एकमेकींच्या वेण्या घालायला लागल्या. खाली मोठ्या बाई गादीच्या खुर्चीत एकट्याच बसलेल्या, मुद्दाम आमच्याकडे पाठ करून. बाई पायरीवर बसून होत्या. बॅटरी वाचवायला रेडिओ बंद. मी पाणी दिलं ते त्यांनी नुसतं हातात धरून ठेवलं.

"चुकलं असेल तर?" मी हळूच विचारलं.

"तर बढिया. मी मोठ्या बाईंची लेखी माफी मागेन, अक्षर चांगलं काढून."

हसून म्हणाल्या आणि पाणी न पिताच भांडं खाली ठेवलं.

तिसऱ्या तासाला पाण्याचा रंग बदलला. आधी गढूळ, मग चहासारखा. काडीकचरा आला, मग एक आख्खी फांदी. मग पायऱ्या एकेक करून दिसेनाशा व्हायला लागल्या. बाई उठल्या आणि घाट दणाणेल अशा आवाजात ओरडल्या, "ऊपर! सब ऊपर!" या वेळी कोणी हसलं नाही. नाववाले धावले, पंडाजी छत्री सोडून पळाले. बाई स्वतः खाली गेल्या, मोठ्या बाईंचा दंड धरला आणि त्यांना अक्षरशः ओढत वर आणलं. मागे वळून पाहिलं तेव्हा टेबल तरंगत होतं, आणि गादीची खुर्ची साहेबांची वाट न पाहता निघून गेली होती.

माणूस एकही गेला नाही. ओसरीवर बाईंनी मुली मोजल्या. चाळीस. पुन्हा मोजल्या. मग पदराने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

मोठ्या बाई एका पायात चप्पल, ओला पदर पिळत उभ्या होत्या. धाप लागलेली. म्हणाल्या, "लावा ना तो रेडिओ. पाणी अजून चढणार का?"

"ते आता समोर दिसतंय," बाई म्हणाल्या. "बॅटरी कशाला फालतू जाळायची?"

जाब कोणी विचारला नाही. उलट मोठ्या बाई रोज मौसमाच्या वेळेला काहीतरी कामाचं निमित्त काढून आमच्या खोलीत यायला लागल्या.

त्यानंतर थोड्याच काळाने मध्यभारत मोडून नवं राज्य झालं. राजधानी भोपाळ ठरली आणि निम्म्या उज्जैनच्या हातात बदलीचे कागद आले. बाईंच्याही. स्टेशनवर आजी खिडकीत बसून मला विचारत होत्या, "भोपाळला नाट्यगीतं लागत असतील का गं?" गाडी सुटायच्या जरा आधी मोठ्या बाई घाईघाईने आल्या. त्यांनी कागदात बांधलेली एक जड वीट बाईंच्या हातात ठेवली. इंदूरहून मागवलेली नवी बॅटरी. "तारीख बघून घेतली आहे," एवढंच म्हणाल्या आणि गाडी हलायच्या आधी वळून चालायला लागल्या.

भूगोलाचे तास माझ्याकडे आले. नव्या राज्याचे नकाशे अजून पोचले नव्हते, म्हणून मी फळ्यावर खडूने राज्य काढलं, जमलं तसं, वाकडंतिकडं. विचारलं, "भोपाल कौन दिखाएगा?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठून आली. तिने बोट बरोबर ठेवलं.

"शाबास. और भोपाल किसलिए जाना जाता है?"

मला राजधानी हे उत्तर हवं होतं. तिने थोडा विचार केला.

"वहाँ हमारी बहनजी रहती हैं."

वर्गात कोणी हसलं नाही. मी "सही है" म्हटलं, आणि पाठ फिरवून फळ्यावर नर्मदा काढायला घेतली. ती नदी त्या दिवशी फार सावकाश काढली मी.