धाकट्या जावेचा निळा ब्लाउज

आमच्या घरात पेपर मी वाचून दाखवत असे. मी मुंबईची मॅट्रिक. लग्नानंतर इस्रायलमध्ये किर्यात मलाखी गावात आल्यावर मोज्यांच्या कारखान्यात लागले, तरी शुक्रवारचा इंग्रजी पेपर घ्यायची, आणि शनिवारी, शब्बाथच्या सुट्टीला, जेवणं झाली की सासऱ्यांना त्यातल्या बातम्या मराठीत सांगायची. कोणाचा खटला कुठवर आला, कोणता अधिकारी पकडला गेला. सासरे ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "मग तुला काय वाटतं?" माझं मत विचारणारा तेवढा एकच माणूस होता.

मग विमानतळावर बायकांची झडती घ्यायला बायका हव्यात असं कळलं. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी अर्ज केला. ती सहा वर्षांची असताना इथे आलेली, हिब्रू पाण्यासारखं बोलायची. माझं हिब्रू बाजारापुरतं. तिला घेतलं, मला नाही.

तिला युनिफॉर्मचा निळा ब्लाउज मिळाला, खिशावर विमानतळाचं चिन्ह असलेला. पुढच्याच शब्बाथला मी पेपर उघडला तर सासरे म्हणाले, "थांब जरा. हिला विचारू. ही आता सरकारी माणूस."

त्या आठवड्यात एका बड्या अधिकाऱ्याची बातमी गाजत होती. त्याने वशिल्याने नातेवाइकांना सरकारी घरं दिली होती आणि कोर्टाने त्याला नुसती ताकीद देऊन सोडलं होतं.

"सांग, याला न्याय म्हणायचा?" सासऱ्यांनी तिला विचारलं.

"कोर्टाचं मला कळत नाही, बाबा," ती म्हणाली. "आमच्या टेबलावर मात्र सगळे सारखे. कोणीही येवो, बॅग उघडायचीच."

"घरचं माणूस आलं तरी?" मी विचारलं.

"तरी."

सासऱ्यांनी मान डोलावली. मी पेपर मिटून ठेवला. त्या दिवसापासून तिचं चालणं, बोलणं, पहाटेच्या बसला धावणं, सगळं मला खुपू लागलं. मी मुंबईच्या बहिणीला पत्र लिहिलं, त्यात लिहून टाकलं की मी विमानतळावर लागले. पुढच्या पत्रात तिने कळवलं की सगळ्या चाळीला सांगितलंय. मग मी जावेकडून ऐकलेल्या गोष्टी माझ्याच म्हणून लिहीत गेले.

दोन वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं आणि मी मुंबईला जायला निघाले. बहिणीने लिहिलं होतं, युनिफॉर्म आण, फोटो काढू. जाऊ आमच्या वरच्याच मजल्यावर राहायची. तिचे दोन ब्लाउज गच्चीत वाळत होते. एक मी उचलला आणि बॅगेत साड्यांखाली घातला. ती दोन दिवस शोधत होती. मीही तिच्याबरोबर शोधलं.

विमानतळावर मी मुद्दाम तिच्याच रांगेत उभी राहिले. वाटलं, घरच्या माणसाची बॅग ही उघडणार नाही. म्हणजे ब्लाउजही जाईल, आणि परत आल्यावर सासऱ्यांना सांगता येईल, बघा तुमची सरकारी माणूस!

तिने मला पाहिलं, हसली, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला हाक मारली. "ही माझी मोठी जाऊ. मला तपासता येणार नाही. तू बघ."

त्या बाईने साड्या एकेक करून बाहेर काढल्या. ब्लाउज निघाला. तिने तो वर धरला आणि चिन्ह पाहून लगेच साहेबाला बोलावलं.

मला आतल्या खोलीत नेलं. कोणी दिला, कोणासाठी नेताय, आणखी काय आणलंय. माझं हिब्रू आटून गेलं. तेवढ्यात जावेला आत आणलं.

"हा तुझा?" साहेबाने विचारलं.

"माझा."

"तू दिलास?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवलं, हो म्हण.

"नाही, मी नाही दिला," ती म्हणाली. "पण ही धोक्याची बाई नाही. तसं मी लिहून देते."

तिने लिहून दिलं. मग मराठीत मला म्हणाली, "वहिनी, खरं काय ते सांगून टाका. मी बोलते हिब्रूत." मी सांगितलं. बहिणीची पत्रं, फोटो, सगळं. तिने शब्दन् शब्द साहेबाला सांगितला, चेहऱ्यावर काही न आणता. साहेबाने ब्लाउज ठेवून घेतला, मला खूप सुनावलं आणि सोडलं. माझं विमान चुकता चुकता राहिलं. बहिणीला सांगितलं, युनिफॉर्म देशाबाहेर नेऊ देत नाहीत.

परत आले तेव्हा धास्ती होती की घरी सगळ्यांना कळलं असेल. कोणी काही बोललं नाही. महिन्याभराने दीर म्हणाला, "हिची बढती हुकली. कोणी तरी दोरीवरून युनिफॉर्म चोरला, आणि निष्काळजीपणाचा ठपका हिच्यावर."

खरं सांगते, ऐकताक्षणी मला बरं वाटलं. रात्रभर मात्र डोळा लागला नाही. सकाळी वर गेले.

"घरात माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तिथे विचारलं, तिथे सांगितलं," ती म्हणाली. "घरी कोणी विचारलं नाही."

मी त्याच दिवशी सुट्टी काढून तिच्याबरोबर गेले आणि बढतीचं बघणाऱ्या मोठ्या साहेबाला सांगितलं की ही निष्काळजी नव्हती, चोरी घरातूनच झाली होती, मीच केली होती. त्याने ते कागदावर घेतलं. दुसऱ्या वर्षी तिला बढती मिळाली. सासऱ्यांनी सगळ्या बिल्डिंगला हलवा वाटला. ढवळायला मीच बसले होते, आणि ढवळता ढवळता पोटात दुखतच होतं. ते काही थांबलं नाही.

मुंबईच्या बहिणीला मी अजून काही कळवलेलं नाही. तिची समजूत आहे, मी तिथून रिटायर झाले.